मदत हवी आहे: माडीची तक्तपोशी (लाकडी फळ्यांची जमीन) काढली तर सागाचा खांब टिकेल का?

नमस्कार. सोलापुरात आमचा आजोबांच्या वेळचा माळवदाचा, म्हणजे मातीच्या सपाट छताचा, वाडा आहे. सोप्यात सागाचे चार खांब, ५ इंच चौरस. उथळ्यापासून (खांबाखालच्या दगडापासून) तक्तपोशीपर्यंत १० फूट, वर माळवदापर्यंत आणखी १०. खांब अखंड आहेत. तक्तपोशीला वाळवी लागली म्हणून घरचे ती काढूनच टाकू म्हणतात. सुतार म्हणतो, "वजन कमीच होतंय की, खांबाला काय होणार?" मला नेमकी तिथंच भीती वाटते.

माळवदावर वर्षानुवर्षं पावसाळ्याच्या तोंडावर पांढरी माती टाकून थर फूटभर झालाय. चौरस फुटाला ५० किलो तरी धरा. एका खांबावर ८ बाय ८ फुटांचा भाग येतो, म्हणजे लाकूड-माणसं धरून ४ टन. खांबात दाब येतो चौरस मिलिमीटरला अडीच न्यूटन. नुसता दाब साग सहज झेलेल, पण उंच खांब चिरडण्याआधी वाकतो. आज तक्तपोशी खांबाला मध्येच धरून ठेवते, म्हणून लांबी भागिले जाडी २४ येते; ती गेली की ४८. आयएस ८८३ (लाकडी बांधकामाचं भारतीय मानक) मध्ये कमाल मर्यादाच ५० आहे. लांब खांबाचं सूत्र (०.३२९ गुणिले ई, भागिले त्या गुणोत्तराचा वर्ग) लावलं, ई म्हणजे लाकडाच्या ताठरपणाचा आकडा ९००० धरला, तर परवानगीचा दाब ५.१ वरून १.३ वर, म्हणजे खांबातल्या अडीचच्याही खाली येतो. लांबी दुप्पट, ताकद चौथाई! माझं काही चुकतंय का?

फळ्या काढून तुळया तशाच ठेवल्या तर आधार धरता येईल का? त्या एकाच दिशेला आहेत, आणि चौरस खांब दुसऱ्या दिशेलाही तितकाच वाकेल. तिकडे नवीन आडवी तुळई घालून भिंतीशी पट्टीनं बांधायचा विचार आहे. ती ताणातही येईल, तेव्हा बोल्टची भोकं वजा करूनच क्षेत्रफळ धरायचं ना?

आणखी एक. एका खांबाच्या बुडाशी पेचकस टोचला तर इंचभर आत गेला, भुसा गळला. चारी बाजूंनी तसंच असेल तर आत ३ इंचाचाच गाभा उरतो, तिथं अडीचचा दाब सातवर जातो. बूड कापून नवा तुकडा जोडावा की अख्खा खांब बदलावा?

स्लॅब सुचवू नका, कळकळीची विनंती. भर उन्हाळ्यात याच माळवदाखाली आईला दुपारी झोप लागते. तूर्तास त्या खांबाशेजारी टेकू लावलाय आणि फळ्यांना हात लावू दिलेला नाही. जुन्या लाकडाचं काम केलेल्या कुणी आकडे तपासून दिले तर फार उपकार होतील.