मदत हवी आहे: बूस्ट आला तरी फ्युएल प्रेशर वाढत नाही

नमस्कार मंडळी,

टर्बो पेट्रोल गाडी आहे, जुन्या पद्धतीची. म्हणजे पेट्रोलचा दाब राखणारा रेग्युलेटर रेलवरच (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणारी नळी) आणि तिथून टाकीकडे रिटर्न लाइन. एरवी एकदम मस्त चालते, पण चढावर पाय दाबला की झटके मारून दम टाकते. रेलला गेज लावला. आयडलिंगला २.४ बार, रेग्युलेटरची व्हॅक्यूम नळी काढली की बरोबर ३. बूस्ट (टर्बोने वाढवलेला हवेचा दाब) ०.८ बारला पोहोचतो तेव्हा मात्र काटा ३.२ वर अडकतो. मेकॅनिक म्हणतो, "तीनच्या वर आहे ना, मग झालं!" मला पटत नाहीये. दोष रेग्युलेटरचा की पंपाचा?

प्रतिसाद

पटत नाहीये तेच बरोबर. रेलमधला नुसता दाब बघून काही कळत नाही. इंजेक्टरच्या दोन टोकांमधला फरक बघायचा. इंजेक्टरच्या तोंडाशी मॅनिफोल्डचा (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांचा) दाब उलटा रेटत असतो, म्हणून तर ती नळी रेग्युलेटरला जोडलेली असते. ०.८ बूस्टला रेलमध्ये ३.८ हवेत. तुमच्याकडे फरक उरतो ३.२ वजा ०.८, म्हणजे २.४; हवा ३. प्रवाह या फरकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असतो, म्हणजे पेट्रोल साधारण १० टक्के कमी. ऐन बूस्टमध्ये मिश्रण लीन झालं (हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडलं) तर नॉकिंग (मिश्रण अवेळी पेटून ठोके) होऊन पिस्टन जाऊ शकतो, तेव्हा निदान होईपर्यंत पाय हलका ठेवा.

आधी नळी बघा. व्हॅक्यूममध्ये ती निपलला आपोआप चिकटून बसते, बूस्टमध्ये फुगते आणि चिरेतून हवा सोडते. त्यामुळे आयडलिंगचं रीडिंग चांगलं आलं म्हणून नळी चांगली, असं नाही. टोकाला क्लॅम्प आहे का?

धागाकर्ता

क्लॅम्प नव्हता, लावला. नळीही नवी टाकली. आता ३.३.

प्रतिसाद

मग नळीत पेट्रोलचा वास येतो का बघा. येत असेल तर रेग्युलेटरच्या आतला पडदा, डायाफ्राम, फाटलाय, पुढचं काही करू नका, रेग्युलेटर बदला. वास नसेल तर इंजिन आयडलिंगला ठेवून रेग्युलेटरच्या निपलवर गेजवाल्या हातपंपाने हळूहळू ०.८ बार हवा द्या. मॅनिफोल्डकडचं तोंड तेवढं बंद करा. रेल ३.८ वर गेली तर रेग्युलेटर निर्दोष.

तसं झालं तर पंपाकडे वळा. दाब वाढला की पंपाचा प्रवाह घटतो, आणि बूस्टमध्ये इंजिनाला नेमकं तेव्हाच जास्त पेट्रोल लागतं. पण लगेच नवा पंप आणू नका. तुंबलेला फिल्टर किंवा पंपापर्यंत कमी पोहोचणारं व्होल्टेजही हेच करतं. मल्टीमीटर पंपाच्याच कनेक्टरवर लावा, बॅटरीवर नको, आणि वाचायचं ते लोड असताना.