मदत हवी आहे: नदीकडच्या खोल्यांसाठी गादी कोणती? (शनिवारपर्यंत ठरवायचंय)

काठावरचा
नमस्कार मंडळी. नदीकाठी आमचं छोटंसं बुटीक गेस्टहाऊस आहे. सहा खोल्या, तीन नदीकडे आणि तीन मागे अंगणाकडे. नदीकडच्यांचं भाडं अर्थातच जास्त, आणि तक्रारीही नेमक्या त्याच खोल्यांच्या. "खोली सुंदर, पण झोप लागली नाही." "अंथरूण कसंतरीच वाटतं." मागच्या खोल्यांबद्दल कोणी चकार शब्द काढत नाही. मेमरी फोमच्या गाद्या दोनच वर्षांपूर्वी घेतल्यात, पण आता बदलायच्या ठरवल्या आहेत. लॅटेक्स घेऊ की स्प्रिंग? शनिवारी ऑर्डर द्यायची आहे. बाकी सगळं व्यवस्थित आहे, त्यामुळे कृपया फक्त गादीबद्दल बोला.

जुनीसायकल
डोळे झाकून पॉकेट स्प्रिंग घ्या. फोममध्ये माणूस रुततो आणि उकडतो. शेजारच्याने कूस बदलली तरी पॉकेट स्प्रिंगमध्ये आपल्याला धक्का लागत नाही, कारण प्रत्येक स्प्रिंग वेगळ्या पिशवीत असते. १४ वर्षं वापरतोय.

पानगळ
नदीकाठच्या हवेत स्प्रिंग? गंज चढून करकर वाजायला लागेल. लॅटेक्स घ्या, हवा खेळती राहते.

जुनीसायकल
१४ वर्षांत करकर ऐकली नाही.

पानगळ
तुम्ही नदीकाठी राहता का?

जुनीसायकल
नाही. पण म्हणून काय झालं?

सरळरेघ
एक प्रश्न. मागच्या तीन खोल्यांत गाद्या कोणत्या आहेत?

काठावरचा
त्याच. सहाही एकदम घेतल्या. त्याचा इथे काय संबंध?

सरळरेघ
त्याच गादीवर मागे लोक घोरतात आणि पुढे तळमळतात, हाच संबंध. मग दोष गादीचा कसा? नदीकडच्या खोलीत एसी आहे का, किती टनाचा, खोली केवढी, पलंग कसला, बाथरूमचा एक्झॉस्ट कधी चालू असतो आणि गादीवर प्लास्टिकचं कव्हर आहे का, एवढं सांगा.

मध्यरात्र
पाण्याचा पंप कुठे बसवलाय?

स्वल्पविराम
अवांतराबद्दल क्षमस्व, पण 'बुटीक' हा फ्रेंच शब्द आहे आणि त्याचा अर्थ छोटं दुकान. १९८४ मध्ये न्यूयॉर्कला मॉर्गन्स हॉटेल सुरू झालं, तेव्हा त्याचे एक संस्थापक स्टीव्ह रुबेल यांनी ही उपमा वापरली, असं मानतात. मोठी साखळी हॉटेलं म्हणजे डिपार्टमेंट स्टोअर आणि आमचं म्हणजे बुटीक, असा भाव. सहा खोल्यांच्या गेस्टहाऊसला हा शब्द शोभतो का, हा वेगळा मुद्दा.

उगाचच
मॉर्गन्सच्या आधी १९७८ मध्ये लंडनला ब्लेक्स सुरू झालं होतं. पहिलेपणाचा मान त्याला देणारेही आहेत.

स्वल्पविराम
मी शब्दाबद्दल बोलतोय, हॉटेलाबद्दल नाही.

काठावरचा
मंडळी, गादी!! बरं, सरळरेघ यांच्यासाठी: खोली १४ बाय ११ फूट. नदीकडे पूर्ण काच आणि ती पश्चिमेला, म्हणून २ टनाचा एसी घेतला. इन्व्हर्टर एसी नाही, साधा. पाच मिनिटांत गारेगार होतं, त्याची तक्रार नाही. मागच्या खोल्यांना एसी नाही, सावली असते, पंखे पुरतात. नदीकडे पलंग म्हणून प्लायचे बंद ओटे बांधून घेतलेत, दिसायला छान वाटतात. मागे साध्या लाकडी पट्ट्यांचे पलंग. एक्झॉस्ट दिवसरात्र चालू ठेवतो, वास नको म्हणून. कव्हर आहे, पाहुणे काय काय सांडतात ते तुम्हाला सांगायला नको.

सरळरेघ
आता चित्र दिसायला लागलं. तुमचे पाहुणे "कसंतरीच" म्हणतात ते बहुधा "सर्द" म्हणायचं असतं. चादर ओली नसते, पण हाताला ओलसर लागते. बरोबर?

पाच मिनिटांत गार होणं हीच गडबड आहे. हवेतलं पाणी काढायला एसीची गार कॉइल बराच वेळ सलग चालावी लागते, तेव्हा त्यावर पाणी जमून नळीवाटे बाहेर पडतं. गरजेपेक्षा मोठा एसी तापमान झटकन खाली आणतो आणि कॉम्प्रेसर बंद पडतो. त्याचा पंखा मात्र फिरत राहिला, तर कॉइलवरचं पाणी पुन्हा हवेत मिसळतं. उरते थंडगार, दमट खोली. तिकडे एक्झॉस्ट आतली हवा बाहेर फेकतो आणि तेवढीच बाहेरची हवा फटींतून आत येते. नदीवरची.

हिशोब करून बघा. बाहेर २८ अंश आणि ७५ टक्के आर्द्रता असेल, तर त्या हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला वाफेचं पाणी व्हायला लागतं तो, साधारण २३ अंश येतो. ती हवा पाणी न काढता नुसती २४ अंशांना आणली, की आर्द्रता ९५ टक्क्यांच्या आसपास जाते. २४ आकडा बघून पाहुणा खूश होतो आणि अंग मात्र चिकचिकतं. माणसाला ४० ते ६० टक्के बरं वाटतं.

आता एक करा. ओट्यावरची गादी उचलून खालची बाजू बघा.

पानगळ
एवढं शास्त्र कशाला? लॅटेक्समध्ये भोकं असतात, ओल धरत नाही.

सरळरेघ
वरून भोकं आहेत हो, पण खाली बंद प्लाय आहे. वाफ जाणार कुठे? झोपलेल्या माणसाच्या अंगातून रात्रभर वाफ निघते. ती गादीत उतरते आणि खालच्या गार पृष्ठभागाशी अडकते. लॅटेक्स, फोम, कापूस, काहीही घाला.

खिडकीपाशी
मी कामानिमित्त महिन्यातले पंधरा दिवस परक्या खोल्यांत झोपते, त्यामुळे गादीपलीकडचं थोडं सांगू का? पलंगावर पडल्या पडल्या हाताला येईल असं दिव्याचं बटण हवं. पाच बटणांपैकी कुठलं कशाचं हे अंधारात शोधण्यासारखा वैताग नाही. डोक्याशी चार्जिंगचा प्लग हवा, आणि खोलीच्या किल्लीचं कार्ड भिंतीवरच्या खाचेतून काढलं तरी तो चालू राहायला हवा. बॅग ठेवायला एक बुटकं बाकडं, नाहीतर ती जमिनीवर उघडावी लागते आणि रात्री पाय अडकतो. ओला टॉवेल टाकायला दांडी, खुंटी नव्हे. खुंटीवर टॉवेल वाळत नाही. दिवे पिवळसर, २७०० केल्विनच्या आसपासचे. पांढऱ्या ट्यूबखाली सगळी सजावट दवाखान्यासारखी दिसते. नदीकाठी पिवळ्या दिव्याला किडेही कमी येतात. आणि दोन उश्या जाड असतील तर दोन पातळ ठेवाच. एवढ्या सगळ्यात गादी मला क्वचितच आठवते.

जुनीसायकल
ताई, वाईट गादी असती तर बरोबर आठवली असती.

मध्यरात्र
आवाजाबद्दल कोणीच बोलत नाहीये. झोपायच्या खोलीत सततचा आवाज ३० डेसिबलच्या वर नसावा, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९९ च्या मार्गदर्शिकेत आहे. नदीला बंधारा असेल तर सहज त्याच्या वर जातो. पुन्हा विचारतो, पंप कुठे आहे?

काठावरचा
अहो, नदीचा आवाज ऐकायलाच लोक येतात! त्यासाठी आम्ही खोलीत हाताने लिहिलेलं कार्ड ठेवलंय: "रात्री काचेचं दार थोडं सरकवून ठेवा, नदी ऐकत झोपा." सगळ्यांना ते कार्ड फार आवडतं. फोटो काढतात.

सरळरेघ
एसी चालू असताना?

काठावरचा
हो मग, उकडतं ना.

सरळरेघ
🙏

उगाचच
नदी ऐकत झोपा आणि नदीतच झोपा 😀

खिडकीपाशी
हसू नका हो. कल्पना गोडच आहे. मी असते तर मीही दार सरकवलं असतं. नदीच्या एकसुरी आवाजाने उलट झोप लागते, कारण कुत्र्याचं भुंकणं, दाराचं आपटणं त्यात बुडून जातं. झोप मोडते ती अधूनमधून येणाऱ्या आवाजांनी. फक्त दार आणि एसी यांतलं एकच काहीतरी करायला सांगा. दार उघडं ठेवायचं असेल तर सरकती जाळी आणि छताचा पंखा. एसी हवा असेल तर दार बंद. कार्डावर दोन ओळी वाढवा.

पानगळ
जाळी बारीक घ्या. डासांच्या साध्या जाळीतून नदीकाठची चिलटं आरामात येतात.

सरळरेघ
जाळी फार बारीक केलीत तर वाराही अडतो, म्हणून पंखा हवाच. छताला पंखा आहे का? नदीकडच्या खोल्यांत?

काठावरचा
नाही. सजावटवाल्यांनी काढायला लावले, छताची लाकडी चौकट झाकली जात होती.

आणि गादी उचलून बघितली. १ नंबरच्या खोलीत खालच्या कापडावर काळे ठिपके, हाताएवढ्या पट्ट्यात. २ मध्ये थोडे कमी. ३ मध्ये ठिपके नाहीत, पण कुबट वास आहे. कव्हर काढलं तर तेही आतून दमट. मागच्या खोल्यांतल्या तीनही गाद्या कोरड्या ठणठणीत.

जुनीसायकल
म्हणजे गाद्या बदलाव्या लागणारच की. पॉकेट स्प्रिंग.

सरळरेघ
सगळ्यात जास्त बुरशी धरली ती १ नंबरची नक्की टाका, फोम आतून साफ होत नाही. पण नव्या गाद्या त्याच ओट्यावर टाकल्यात तर पुढच्या वर्षी हाच धागा वर येईल. आधी सुतार बोलवा. ओट्यांचा वरचा प्लाय काढून पट्ट्या मारायच्या, दोन पट्ट्यांत दोन बोटं जागा, आणि ओट्याच्या बाजूंना खालून झरोके. पुढून दिसणारही नाहीत. कव्हर जाड प्लास्टिकचं असेल तर ते बदलून पॉलियुरेथेनचा पातळ थर असलेलं कापडी घ्या, त्यातून पाणी आत जात नाही पण वाफ बाहेर पडते. एक्झॉस्ट अंघोळीनंतर अर्धा तास, मग बंद. वासासाठी चोवीस तास चालवत होतात ना? मग बाथरूमच्या जाळीखालच्या ट्रॅपमध्ये, म्हणजे गटाराचा वास अडवणाऱ्या पाण्याच्या वाटीत, पाणी आहे का ते बघा. खोली बरेच दिवस रिकामी राहिली की ते उडून जातं आणि गटाराचा वास वर येतो. तांब्याभर पाणी ओतलं की गेला.

एसी लगेच बदलू नका. ड्राय मोडवर, म्हणजे ओल काढायच्या सेटिंगवर, चालवा, पंखा ऑटोवर ठेवा आणि प्रत्येक खोलीत एक आर्द्रतामापक ठेवा. रात्री तीनचा आकडा महत्त्वाचा. पुढे कधी बदलाल तेव्हा दीड टनाचा इन्व्हर्टर घ्या आणि काचेला बाहेरून पडदा लावा. ऊन काचेच्या आत आल्यावर अडवण्यात फार अर्थ नाही.

स्वल्पविराम
'चिलट' आणि 'डास' वेगळे, हे वर कोणीतरी बरोबर लिहिलंय. बरं वाटलं.

काठावरचा
शनिवारची ऑर्डर एका गादीवर आणली. सुतार उद्या येतोय. काल रात्री २ नंबरमध्ये स्वतः झोपलो, दार बंद, ड्राय मोड, कव्हर काढून. मापक तीन वाजता ६१ दाखवत होता, आदल्या रात्री ८८ होता. चादर खरंच कोरडी लागली. सर्वांचे आभार, सरळरेघ तुमचे विशेष. कार्डावर काय लिहावं ते मात्र सुचत नाहीये. "दार उघडं किंवा एसी" हे फारच सरकारी वाटतं.

खिडकीपाशी
"नदी ऐकायची असेल तर जाळी ओढून पंखा लावा. गारवा हवा असेल तर दार लावून घ्या, नदी सकाळी तिथेच असेल." बघा आवडतंय का.

काठावरचा
हे घेतलं!

पानगळ
एक गादी घेताय ती तरी लॅटेक्सची घ्या.

मध्यरात्र
तीन वाजता मापक बघायला तुम्ही जागे होतात. गजर लावला होता, की कशाने जाग आली? पंपाचं अजून सांगितलं नाहीत.

काठावरचा
...पंप २ नंबरच्या भिंतीमागे आहे. थांबा, येतो सांगतो.