प्रॉक्सिमा एवढा थंड आणि बारका तारा, मग भडकतो कसा काय?

चहाटळ_७७
मंडळी, एक शंका आहे, हसू नका. भाचा नववीत आहे, त्याने कुठलातरी व्हिडिओ बघितला आणि कालपासून डोकं खातोय की मामा, प्रॉक्सिमा बी, सूर्याच्या सगळ्यात जवळच्या प्रॉक्सिमा ताऱ्याचा ग्रह, म्हणजे दुसरी पृथ्वी, पाणी असणार, आपण तिकडे जाणार वगैरे. मी थोडं शोधलं तर कळलं की तारा रेड ड्वार्फ (लाल बटू) आहे, सूर्याच्या जेमतेम १२ टक्के वस्तुमान, पृष्ठभाग ३००० केल्विनच्या आसपास, म्हणजे सूर्याच्या निम्मा गरम. आणि पुढच्याच ओळीत लिहिलंय की हा फ्लेअर स्टार आहे, भयंकर ज्वाला सोडतो. आता थंड तारा म्हटला की तो शांत असायला पाहिजे ना? आणि सूर्य पण मुख्य क्रमावरचाच, हा पण मुख्य क्रमावरचाच, म्हणजे दोघेही हायड्रोजनच जाळतात, मग एवढा फरक का?

रात्रपाळी
थंड आणि शांत यांचा संबंध नाही भाऊ, तिथेच घोळ होतोय. ज्वाला तापमानामुळे नाही, चुंबकीय क्षेत्रामुळे येतात. सूर्यात आतून ७० टक्के त्रिज्येपर्यंत उष्णता प्रकाशाच्या रूपात झिरपत वर येते आणि फक्त बाहेरच्या थरात वायू खदखदतो, पण प्रॉक्सिमासारखा छोटा तारा गाभ्यापासून वरपर्यंत सगळाच खदखदतो, पिठल्याच्या पातेल्यासारखा. विद्युतभारित वायू असा घुसळला गेला की चुंबकीय क्षेत्र तयार होतं, त्याच्या रेषा पिळल्या जातात, पीळ सहन होईना की तुटून नव्याने जोडल्या जातात, आणि साठलेली सगळी ऊर्जा एकदम बाहेर. हीच ज्वाला. सूर्यावर पण हेच होतं, १ सप्टेंबर १८५९ ला कॅरिंग्टन या इंग्रज खगोलशास्त्रज्ञाने पाहिली ती अशीच, त्यानंतर पृथ्वीवरच्या टेलिग्राफच्या तारांतून ठिणग्या उडाल्या होत्या.

गंमत म्हणजे प्रॉक्सिमा स्वतःभोवती फिरायला जवळजवळ ९० दिवस घेतो, सूर्य साधारण २५. हळू फिरणारा तारा शांत असतो असं पुस्तकात शिकवतात, आणि हा म्हातारा, जवळपास सूर्याच्याच वयाचा, अजून पोराटकीसारखा उसळतोय.

अर्धी_भाकर
१ मे २०१९ ची ज्वाला वाचा. अतिनील प्रकाशात तारा काही सेकंदांत १४,००० पट उजळला. हबल, आल्मा, टेस या दुर्बिणी, शिवाय ऑस्ट्रेलियातली रेडिओ दुर्बीण, सगळ्यांनी एकाच वेळी नजर ठेवलेली होती म्हणून सापडली.

रात्रपाळी
हो पण १४,००० हा आकडा जपून वापरा, तो फक्त अतिनीलमधला आहे आणि तिथे हा तारा एरवी अगदीच मंद, साध्या प्रकाशात त्याच ज्वालेने फार थोडा फरक पडला. बातम्यांत मात्र तारा १४,००० पट तेजस्वी झाला म्हणून छापून आलं.

खरी भानगड अंतराची आहे. प्रॉक्सिमा बी त्याच्या ताऱ्यापासून साधारण ७५ लाख किमीवर, आपण सूर्यापासून १५ कोटींवर, म्हणजे २० पट जवळ. त्यामुळे तेवढ्याच ताकदीची ज्वाला तिथे ४०० पट (२० गुणिले २०) जोरात पोचते. तारा मंद आहे म्हणून उबेसाठी जवळ जावं लागतं, आणि जवळ गेलं की मार खावा लागतो. हवा टिकली असेल का हे कुणी सांगू शकत नाही. ट्रॅपिस्ट-१ पण असाच लाल बटू, त्याच्या सगळ्यात आतल्या ग्रहावर जेम्स वेब अंतराळ दुर्बिणीला २०२३ मध्ये जाड वातावरणाची खूण मिळाली नाही, पण तो ग्रह खूपच गरम, त्यावरून बाकीच्यांचा निकाल लावू नये.

शंकासूर
मला तर मुळात ग्रह आहे हेच पटत नाही. तो ताऱ्यासमोरून जाताना कुणी बघितलेला नाही. २०१२ ला शेजारच्या अल्फा सेंटॉरी बी या ताऱ्याभोवती पण ग्रह सापडला म्हणून गाजावाजा झाला होता, ३.२ दिवसांची फेरी, आणि २०१५ ला कळलं की तो आकडेमोडीतला भास होता.

रात्रपाळी
ते उदाहरण बरोबर दिलंत, पण ही केस वेगळी आहे. ग्रहाच्या ओढीने तारा डुलतो, आणि प्रॉक्सिमाचं डुलणं सेकंदाला १.४ मीटर आहे, म्हणजे जेवण झाल्यावर शतपावली घालतो ना आपण, त्याच्या आसपास. ४० लाख कोटी किमीवरून हे मोजायचं! आणि ताऱ्यावरचे डाग इथे मोठी फसवणूक करतात. तारा फिरताना एक कड आपल्याकडे येते, दुसरी लांब जाते, एका बाजूला काळा डाग असला की तिकडचा प्रकाश कमी पडतो आणि वाटतं अख्खा ताराच सरकला. २००१ मध्ये अशाच एका ताऱ्याचा ‘ग्रह’ डागांचाच निघाला होता.

पण डाग येतात जातात. प्रॉक्सिमाच्या डुलण्याची ११.२ दिवसांची लय, म्हणजे ग्रहाची एक फेरी, २००० पासूनच्या जुन्या नोंदींत पण होती, २०१६ ला चिलीतल्या ला सिया वेधशाळेतून जवळपास रोज रात्री मोजून तपासली, ताऱ्याचं उजळणं-मंदावणं त्याच वेळी दुसऱ्या दुर्बिणींनी टिपून ठेवलं, आणि २०२० ला एस्प्रेसो नावाच्या नव्या यंत्राने पुन्हा तीच लय दाखवली. ताऱ्याचं फिरणं ९० दिवसांचं, त्याच्याशी मेळच बसत नाही.

शंकासूर
बरं, एवढं असेल तर मानतो. अर्धवट मानतो.

अर्धी_भाकर
आपल्या नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने पण दुसऱ्या ताऱ्यांच्या ग्रहांकडून रेडिओ लहरी येतात का ते शोधलंय, एचडी १८९७३३ या ताऱ्याचा ‘गरम गुरू’ (ताऱ्याच्या अगदी जवळ फिरणारा, गुरूसारखा मोठा ग्रह) निवडला होता, हाती काही लागलं नाही. पण मिळालं असतं तर ग्रहाला चुंबकीय कवच आहे का ते कळलं असतं, आणि ज्वालांचा मार झेलायला तेच कामाचं.

चहाटळ_७७
भाच्याला वाचून दाखवलं, त्याला पिठलं कळलं पण बाकी दुःखी झालाय. आता विचारतोय की निदान तारा तरी दिसेल का. गाव मालवणजवळ आहे, मित्राकडे ६ इंची दुर्बीण आहे.

रात्रपाळी
डोळ्यांनी नाही, ११ व्या प्रतीचा आहे तो (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा जेवढा मोठा तेवढा तारा मंद). पण त्याचा शेजारी अल्फा सेंटॉरी, म्हणजे आपला नरतुरंगातला ‘मित्र’, मालवणहून मस्त दिसतो. एप्रिलच्या मध्यात रात्री दीडच्या सुमाराला दक्षिणेला क्षितिजावर मूठभर उंचीला बघा, समुद्रावरची धूळ आणि दमट हवा नसली तर. प्रॉक्सिमा त्याच्यापासून सव्वादोन अंशांवर आहे, नकाशा घेऊन बसावं लागेल, आणि त्या उंचीला ६ इंचात तो सापडला तर इथे नक्की लिहा.