शब्दचर्चा : इतिहासाला फाटा 'देतात' की 'फुटतो'?

नौपाडा : वाचनकट्ट्यावर या महिन्यात घेतलेल्या कादंबरीवर अभिप्राय लिहायचा आहे. पहिलं महायुद्ध लांबलं, पुढे इतिहास भलत्याच वाटेने गेला, गॅसवर तरंगणारी अवाढव्य हवाई जहाजं टिकली, त्यांच्या पोटातून लढाऊ विमानं सुटतात, दर दहा पानांना एक हाणामारी, असा एकूण मामला. कच्च्या मसुद्यातलं एक वाक्य :

'इतिहासाला फाटा देऊन लिहिलेल्या या पर्यायी इतिहासाच्या पल्प कादंबरीत स्क्वाड्रन लीडर नायकाचं विमान स्टॉल होऊन बंद पडतं, तरी श्वानयुद्धात तो शत्रूचं झेपेलिन एका गोळीत फोडतो.'

वाक्य कानाला लागतंय, पण नेमकं कुठे ते सापडत नाही.

कळवा : पहिल्याच दोन शब्दांत. 'फाटा देणे' म्हणजे गाळणे, टाळणे. 'सत्काराला फाटा देऊन कार्यक्रम सुरू केला', तसं. 'इतिहासाला फाटा देऊन' म्हटलं की वाचणाऱ्याला वाटणार, लेखकाने इतिहास वापरलाच नाही. या प्रकारात तर उलट असतं. एका तारखेपर्यंत इतिहास जसाच्या तसा घ्यावा लागतो आणि तिथून तो वळवायचा असतो. त्याला 'फाटा फुटणे' म्हणतात. शीळफाट्याला रस्त्याचं जे होतं तेच. म्हणून जिथे इतिहास वळतो त्या घटनेला सरळ 'फाटा' म्हणा. 'कादंबरीचा फाटा 1916 मध्ये आहे' हे वाक्य कुणालाही कळतं. 'विचलनबिंदू' वगैरे नको, तो भूमितीच्या पेपरातला वाटतो.

वाशी : 'पर्यायी'बद्दलही शंका आहे. घोडबंदर रोड बंद असला की वाहतूक पोलीस 'पर्यायी मार्ग' जाहीर करतात, म्हणजे तिथेच पोहोचवणारा दुसरा रस्ता. या कादंबऱ्या तिथे पोहोचवतच नाहीत. शिवाय राजेरजवाडे सोडून शेतकरी, स्त्रिया, कामगार यांच्या बाजूने लिहिलेल्या खऱ्याखुऱ्या इतिहासालाही मराठीत 'पर्यायी इतिहास' म्हणतात. दोन्हींची गल्लत होते.

'जर-तरचा इतिहास' बरा. व्याकरणाचं पाठबळही आहे : 'पाऊस पडला असता, तर पीक आलं असतं' हा संकेतार्थ. अख्खा कादंबरीप्रकार त्या 'असता'वर उभा आहे.

नौपाडा : 'जर-तर'ला थोडा तुच्छतेचा वास नाही का? 'जर-तरला काही अर्थ नाही' असं आपण सर्रास म्हणतो.

वाशी : आहे. पण इथे तो चालून जातो. मजेसाठी लिहिलेलं पुस्तक आहे, प्रबंध नव्हे.

ऐरोली : माझी हरकत 'स्टॉल होऊन बंद पडतं' याला आहे. ही चूक वर्तमानपत्रांतही दिसते आणि या कादंबरीत तर तिच्यावर अख्खं प्रकरण उभं आहे. मोटारीचं इंजिन स्टॉल होतं तेव्हा ते बंद पडतं. विमानाच्या स्टॉलचा इंजिनाशी थेट संबंध नाही, तो पंखाचा दोष. समोरून येणाऱ्या हवेशी पंखाचा कोन वाढत वाढत साधारण 15 अंशांच्या पुढे गेला, की पंखाच्या वरच्या अंगाला चिकटून वाहणारी हवा सुटते आणि उचल एकदम कोसळते. इंजिन त्या वेळी पूर्ण जोरात गुरगुरत असू शकतं.

उपाय एकच : वैमानिकाच्या हातातली दांडी पुढे ढकलून कोन कमी करायचा, मग इंजिनाचा जोर, मग पंख सपाट. कादंबरीतला नायक दात-ओठ खाऊन दांडी मागे ओढतो आणि विमान वाचवतो. मागे ओढली तर कोन आणखी वाढतो. त्यात एक पंख आधी ढासळला, तर विमान गरगरत खाली जातं. त्या गिरकीतून बाहेर यायचा क्रमही ठरलेला असतो : इंजिनाचा जोर काढायचा, पंखांवरच्या झडपा मध्यावर आणायच्या, गिरकीच्या उलट बाजूचं सुकाणू पायाने पूर्ण दाबायचं, दांडी पुढे, फिरणं थांबलं की सुकाणू मध्यावर आणून हळूहळू नाक वर. शेवटची पायरी घाईत उरकली, की पुन्हा स्टॉल. थरार हवाच असेल तर तो या पायऱ्यांमध्ये भरपूर आहे, दातओठात नाही.

शब्द म्हणाल तर 'विमानाची उचल तुटली'. मात्र 'उचल' म्हणजे पगारातली आगाऊ रक्कमही होते. 'नायकाची उचल संपली' असं लिहू नका.

कळवा : पतंगाचे शब्द का वापरत नाही? पतंगाची कण्णी चुकीची बांधली की तो गिरक्या घेतो, गोता खातो. दोन्ही ठिकाणी दोष हवेशी असलेल्या कोनाचाच. 'विमानाने गोता खाल्ला' हे पोरांनाही दिसतं.

ऐरोली : गिरकी मान्य, गोता अर्धाच. वैमानिक मुद्दाम नाक खाली करून झेपावतो त्याला 'सूर मारला' म्हणतो आपण. गोता म्हणजे मनाविरुद्ध. हा फरक पाळलात तर शब्द सोन्यासारखा आहे.

घणसोली : इंग्रजी 'डॉगफाइट'चं 'श्वानयुद्ध' कुणी काढलं? मराठीत कुत्री भांडतात किंवा एकमेकांवर तुटून पडतात, युद्ध करत नाहीत. हवेतली लढत ही 'झुंज'. कोंबड्यांची असते, बैलांची असते, आणि शब्दातच एकमेकांभोवती फिरणं आलं. 'चकमक' लहान आणि ओझरत्या गाठीला.

गोळ्यांचा हिशेबही बघा. त्या काळच्या लुईस बंदुकीच्या गोल डब्यात 47 किंवा 97 गोळ्या बसत. मिनिटाला पाचसहाशेच्या वेगाने मोठा डबासुद्धा दहा-अकरा सेकंदांत रिकामा. मग उघड्या वाऱ्यात, गोठलेल्या बोटांनी डबा बदला. कादंबरीत नायक सलग दोन पानं गोळीबार करतो. म्हणून 'गोळ्यांचा पाऊस' काढा आणि 'फैर' आणा : 'दोन छोट्या फैरी झाडल्या'. 'सरबत्ती'ही बंदुकांचीच होती हो, आता फक्त प्रश्नांची उरली.

नौपाडा : आणि झेपेलिन? ते 'फोडतो' की 'पाडतो'?

ऐरोली : आधी 'झेपेलिन'. ते एका जर्मन कंपनीचं नाव आहे. आतून धातूचा सांगाडा असलेल्या सगळ्याच हवाई जहाजांना ते चिकटलं, आपल्याकडे प्रत्येक वनस्पती तुपाला 'डालडा' म्हणायचे तसं. कादंबरीतलं शत्रूचं जहाज जर्मन असेल तर ठीक.

दुसरं म्हणजे 'हवाई जहाज' हिंदीत साध्या विमानालाही म्हणतात आणि टीव्हीमुळे तो अर्थ आपल्याही कानात बसलाय. ज्या कादंबरीत दोन्ही यंत्रं शेजारी शेजारी आहेत, तिथे हा घोळ परवडत नाही. 'हवाई नौका' किंवा 'वायुनौका' घ्या. नौका म्हटलं की क्रियापदंही आपोआप सुधारतात. विमान उडतं, उतरतं. नौका तरंगते, तिला नाळ (पुढचं टोक) असते, सुकाणू असतं, ती खांबाला बांधतात. शाळेच्या पुस्तकातलं 'प्लावक बल' तिला लागू. पंखाची 'उचल' ही वेगळी गोष्ट.

आता 'फोडतो'. नौकेच्या आतल्या गॅसपिशव्या फुग्यासारख्या ताणलेल्या नसतात. आतला दाब बाहेरच्या हवेइतकाच असतो. त्यामुळे गोळीने भोक पडलं तर गॅस सावकाश झिरपतो, फट्‌ आवाज होत नाही. हायड्रोजन असेल तर पेटतो, पण तोही साध्या गोळीने सहसा नाही. आधी हवा मिसळावी लागते आणि मग ठिणगी. ब्रिटिशांनी 1916 मध्ये स्फोटक आणि आगलाव्या गोळ्या मिसळून वापरायला सुरुवात केली, तेव्हा कुठे जर्मन नौका पेटून पडायला लागल्या. हेलियम तर जळतच नाही. कादंबरीत पान 40 च्या आसपास 'हेलियमने भरलेली' म्हटलंय आणि शेवटी तीच नौका आगीचा लोळ होते!

वाशी : पण मग फाटा तिथेच घ्यायचा ना. अमेरिकेने हेलियमच्या निर्यातीला बंदी घातली होती, म्हणून जर्मनांची 'हिंडेनबर्ग' ही हवाई नौका हायड्रोजनवर चालली आणि 6 मे 1937 ला अमेरिकेत लेकहर्स्टला जळली. हेलियम मिळाला असता तर? एका कायद्यावर फिरणारा फाटा फार छान.

ऐरोली : छान, आणि त्याची किंमतही मोजता येते. समुद्रसपाटीला 15 अंश सेल्सिअसला एक घनमीटर हायड्रोजन सुमारे 1.14 किलो उचलतो, हेलियम 1.05. हिंडेनबर्गमध्ये गॅस सुमारे 2,00,000 घनमीटर. म्हणजे गॅस बदलताच 17-18 टनांचा तोटा, तोही प्रवासी आणि इंधन यांच्याच वाट्यातून. ठाण्यातल्या मे महिन्यातल्या 35 अंशांत हवा आणखी विरळ, दोन्ही गॅसची ताकद साडेसहा टक्क्यांनी घटते. भारतावरून नौका नेणारा लेखक हा हिशेब कधीच करत नाही.

आणि पोटातली विमानं. हा लेखकाचा कल्पनाविलास नव्हे. अमेरिकी नौदलाच्या 'ॲक्रन' आणि 'मेकन' या नौका खरोखर लहान लढाऊ विमानं घेऊन फिरत. एकेका विमानाचं वजन भरून सव्वा टनाच्या आसपास. मेकनमध्ये पाच मावत. कादंबरीत चोवीस आहेत. चोवीस विमानांचेच तीस टन. इंधन, दारूगोळा, माणसं वेगळी. शिवाय एक विमान सोडलं की नौका सव्वा टनाने हलकी होऊन वर चढू लागते. तोल सांभाळायला सुमारे 1,200 घनमीटर हेलियम सोडावा लागेल, आणि एवढा महाग गॅस कोण सोडणार? म्हणून इंजिनाच्या धुरातली वाफ थंड करून पाणी साठवत आणि नाक किंचित खाली ठेवून इंजिनाच्या जोरावर उंची सांभाळत. दोन्ही नौका शेवटी वादळी हवेतच गेल्या : ॲक्रन 1933 मध्ये, मेकन 1935 मध्ये. गोळी एकीलाही लागली नाही.

घणसोली : ती विमानं परत कशी चढत, त्यालाही शब्द हवा. नौकेच्या पोटाखाली सर्कशीतल्यासारखा झुला लोंबतो. विमान खालून येऊन वेग जुळवतं आणि वरच्या पंखावरचा आकडा त्यात अडकवतं. 'आकडा अडकवला' इतकंच लिहा. 'आकडा टाकला' म्हणजे वीजचोरी आणि 'आकडा लागला' म्हणजे मटका.

कळवा : कादंबरीत 1930 सालच्या मुंबईचा उल्लेख आहे तिथे लेखकाने हातची संधी घालवली. ब्रिटिशांची आर-101 ही हवाई नौका कराचीला यायला निघाली होती. 5 ऑक्टोबर 1930 ला फ्रान्समध्ये बोव्हेजवळ पडली, 54 पैकी 48 माणसं गेली. कराचीत तिच्यासाठी प्रचंड शेड उभी होती, आणि कराची तेव्हा मुंबई इलाख्यात, 1936 पर्यंत. म्हणजे आपल्याच इलाख्यात हवाई नौकांचं बंदर तयार होतं. या जागी फाटा काढला असता तर ठाण्याच्या खाडीवरून नौका नेता आली असती, आणि मराठी वर्तमानपत्रांनी तिला कोणतं नाव दिलं असतं, हाच एक स्वतंत्र धागा झाला असता. लेखकाला लंडन सोडवत नाही.

वाशी : यावरून शब्दांच्या वयाचा मुद्दा निघतो. फाटा 1916 चा असेल तर त्यानंतर जन्मलेले शब्द तपासून घ्यायला हवेत. 'स्क्वाड्रन लीडर' ही श्रेणी ब्रिटिश हवाई दलाने ऑगस्ट 1919 मध्ये आणली. त्याआधी कॅप्टन, मेजर हे लष्करी हुद्देच होते. 'रडार' तर 1940 चा. कादंबरीत 1931 सालचा तंत्रज्ञ 'रडारवर दिसलं' म्हणतो तिथे माझा विश्वासच उडाला. 'एक्का' मात्र निर्धास्त वापरा. पाच विमानं पाडणारा तो एक्का, हा संकेत पहिल्या महायुद्धातलाच, आणि पत्त्यांमुळे शब्द आपला आहेच. आपले वैमानिक इंद्रलाल रॉय यांनी 1918 च्या जुलैमध्ये दहा पाडली होती.

नौपाडा : राहिला 'पल्प'.

वाशी : नवी मुंबईत पल्प म्हटलं की बाजार समितीतला हापूसचा गर. अमेरिकेतलं नाव लाकडाच्या लगद्याच्या स्वस्त, खरखरीत कागदावरून पडलं; त्या कागदातलं लिग्निन उन्हाहवेने पिवळं पडतं. पण म्हणून 'पिवळं पुस्तक' लिहाल तर वाचक भलताच अर्थ घेतील. 'बाजारू' ही शिवी झाली. 'स्टॉलवरची कादंबरी' म्हणावं, फलाटावरच्या स्टॉलची. फक्त त्याच वाक्यात विमान स्टॉल होऊ देऊ नका.

कळवा : 'धडाकेबाज साहसकथा' पुरे आहे. कागदाची जात वाचकाला कशाला?

वाशी : कारण लिखाणाची जात त्या कागदातूनच आली. मासिकं स्वस्त, शब्दागणिक मोबदला, म्हणून प्रत्येक प्रकरण लोंबकळत संपवायचं. 'धडाकेबाज'मध्ये हे येत नाही.

नौपाडा : सुधारलेलं वाक्य :

'इतिहासाला 1916 मध्ये फाटा फुटल्यावर घडणाऱ्या या जर-तरच्या, स्टॉलवर मिळणाऱ्या जातीच्या साहसकादंबरीत मेजर असलेल्या नायकाच्या विमानाची उचल तुटते, ते गिरकीत सापडतं, तरी पुढच्या झुंजीत तो दोन फैरींत शत्रूची हवाई नौका पेटवतो. ती हेलियमची असूनही.'

शेवटचे तीन शब्द मुद्दाम ठेवलेत.

ऐरोली : 'दोन फैरींत' ठेवा, पण 'आगलाव्या' जोडा. आणि अभिप्रायात चोवीस विमानांचं वजन जरूर लिहा.

कळवा : 'स्टॉलवर मिळणाऱ्या जातीच्या' अजूनही लांबलचक आहे. माझं मत 'धडाकेबाज'लाच.