ढकलायचा स्वीपर पानं उचलण्याऐवजी पुढे लोटतोय, माझं काय चुकतंय?

सावलीतलं अंगण

नमस्कार. माझं वय ६३. मणक्याच्या दुखण्यामुळे वाकून खराटा मारायला डॉक्टरांनी साफ मनाई केली आहे. अंगण झाडणं मात्र मला सोडवत नाही. सकाळी स्वच्छ अंगण दिसलं नाही तर दिवस सुरू झाल्यासारखाच वाटत नाही. म्हणून दोन महिन्यांपूर्वी हाताने ढकलायचा स्वीपर आणला. मोटर नाही, बॅटरी नाही. पुढे दोन गोल ब्रश, मागे २० लिटरचा डबा, झाडण्याची रुंदी ५५ सेंटीमीटर.

पुढचं अंगण ४० फूट बाय २५ फूट, सगळं पेव्हर ब्लॉकचं. एका कोपऱ्यात देशी बदाम, दुसऱ्या कोपऱ्यात गुलमोहर. मागे थोडी हिरवळ आहे.

पहिला आठवडा छान गेला. आता अडचणी अशा. बदामाची पानं ब्रशखाली जातच नाहीत, पुढे ढीग होतो आणि तो ढीग घेऊनच मी चालत राहते. गुलमोहराची बारीक पानं ब्लॉकच्या सांध्यांत तशीच राहतात. नीट झाडलं जावं म्हणून ब्रश खाली करण्याची चकती शेवटपर्यंत फिरवली, तर यंत्र आणखी जड झालं आणि दहा मिनिटांत खांदे भरून आले. काल तर मध्येच उजवा ब्रश फिरायचाच थांबला. मागच्या हिरवळीवर नेऊन पाहिलं, तिथे काहीच उचललं जात नाही.

यंत्रच कमी प्रतीचं आहे की माझी पद्धत चुकतेय? परत देऊन टाकू का?

वाऱ्यावरची पानं

ताई, पानं उडवणारा ब्लोअर घ्या. पाच मिनिटांत अंगण मोकळं होतं. आमच्याकडे तोच आहे.

खराटा ते स्वीपर

ताई, परत देऊ नका. सहा वर्षं मी एका वाचनालयाचं आवार अशाच स्वीपरने झाडतो आहे. तुम्ही लिहिलेली प्रत्येक अडचण मला पहिल्या वर्षी आली होती.

ब्लोअरबद्दल आधी सांगतो. तो पानं हलवतो, उचलत नाही. ढीग झाला की तो भरायला वाकावंच लागतं आणि तुम्हाला वाकायचंच तर नाहीये. शिवाय कोरड्या दिवसांत पानांबरोबर बारीक धूळही नाकातोंडात जाते.

आता तुमचं यंत्र. त्यातली मुख्य गोष्ट समजली की बाकी सगळं आपोआप लक्षात येतं. या ब्रशला स्वतःचा जोर नाही. चाकं फिरतात, चाकांच्या दात्यांवर ब्रश फिरतो, आणि दोन्ही ब्रश केर मधोमध ओढून मागे डब्यात फेकतात. गालिचा झाडायच्या जुन्या हातयंत्रातही हीच युक्ती होती. अमेरिकेत मेलव्हिल बिसेल यांनी १८७६ साली त्याचं पेटंट घेतलं, त्यातही चाकांवरच ब्रश फिरायचा. म्हणजे चाकाची पकड सुटली की ब्रश मेला. चाक घसरलं तर ब्रश थांबतो, ब्रश जमिनीवर जास्त दाबला गेला तर तो चाकालाच अडवतो आणि चाक घसरतं.

तुम्ही चकती शेवटपर्यंत खाली केलीत तिथेच घोटाळा झाला. खराट्याची सवय असलेल्या प्रत्येकाचं असं होतं, कारण खराटा दाबला की जास्त झाडतो. हा दाबला की कमी झाडतो. तंतू जमिनीवर आडवे पडतात, टोकांनी केर उडवायचा तर ते पोटाने जमीन घासायला लागतात. पानं वर उडत नाहीत, पुढे ढकलली जातात. खांदे त्यामुळेच भरून आले.

चकती सगळी वर घ्या. सपाट जागी थोडी बारीक वाळू पसरा आणि सरळ रेषेत दोन-तीन मीटर जा. वाळू तशीच राहिली तर चकती एक खूण खाली. पुन्हा जा. ज्या खुणेवर वाळू पहिल्यांदा पूर्ण उचलली गेली तिथेच थांबायचं, त्याच्या पुढे एक खूणही नाही. ब्रश झिजत जातो तसं वर्षभरात एखादी खूण खाली यावं लागतं, तेवढंच.

दांड्याकडेही बघा. तो कमरेच्या उंचीला हवा. उंच असला तर हात वर राहतात आणि नकळत आपण दांड्यावर रेलतो. बहुतेक यंत्रांत दांडा खाली दाबला की पुढचा भाग उचलला जातो आणि ब्रश जमिनीवरून सुटतो. हात फक्त दिशा द्यायला. मणक्याच्या दृष्टीनेही तेच बरं.

चाल सकाळी फिरायला जातो तशी ठेवा, न थांबता. फार हळू गेलात तर ब्रशही हळू फिरतो आणि केर डब्याच्या तोंडापर्यंत पोचत नाही. घरातल्या व्हॅक्यूमसारखं पुढे-मागे, पुढे-मागे करू नका. बऱ्याच यंत्रांत मागे ओढताना ब्रश फिरत नाही, आणि आत आलेला केर परत बाहेर सांडतो. सरळ जा, टोकाला वळा, परत या. प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर साधारण १० सेंटीमीटर चढवायचा. तुमचं पुढचं अंगण १००० चौरस फूट, म्हणजे ९३ चौरस मीटर. पट्टा चढवल्यावर ४५ सेंटीमीटर नवी जागा झाडली जाते. हिशोब केला तर सगळं अंगण मिळून चालणं होतं दोनशे मीटरच्या थोडं वर. वळणं आणि डबा रिकामा करणं धरून पाव तास. याहून जास्त वेळ किंवा जोर लागत असेल तर कुठेतरी काहीतरी अडलंय असं समजायचं.

बदामाची पानं हा वेगळाच विषय आहे. वीतभर लांबीची, कडक, वाळली की वाटीसारखी वळलेली. ती डब्याच्या तोंडात आडवी अडकतात आणि मग मागून येणारं काहीच आत जात नाही. यावर माझा उपाय रोजचा आहे. पानं एका दिवसाचीच असली तर स्वीपर ती घेतो. तीन दिवसांचा थर साचला की नाही घेत. थर साचलाच तर आधी लांब दांड्याचं दाताळं उभ्याने फिरवून मोठी पानं कडेला ओढा, मग स्वीपर. आणि डबा पाऊण भरला की रिकामा करा. मोठी पानं फुगीर असतात, २० लिटर बघता बघता भरतात.

बारीक पानांसाठी सांध्यांना तिरके जा. सांध्याच्या समांतर गेलात तर तंतू वरून निघून जातात. तिरके गेलात की टोकं सांध्यात उतरून पान बाहेर काढतात. दव सुकल्यावरच. ओलं गुलमोहराचं पान दगडाला चिकटतं, त्यापुढे कुठलाही ब्रश हरतो. धूळ उडते म्हणून पाणी मात्र शिंपडू नका. धूळ आणि पाणी मिळून ब्रशवर चिखलाचा लेप बसतो, मग तो दात्यांत शिरतो.

आणि तो थांबलेला उजवा ब्रश. यंत्र उलटं करा आणि ब्रशच्या मुळाशी बघा. माझी पैज सुतळीवर, दोऱ्यावर किंवा लांब केसांवर. आसाभोवती गुंडाळले जाऊन घट्ट कडं होतं. जुनी कात्री घालून कापा, ओढू नका. चाकाच्या आतल्या बाजूलाही बघा, तिथे काडी अडकली असेल.

हिरवळवेडा

वरचं उत्तर फरशीसाठी अगदी बरोबर आहे. हिरवळीचं मी सांगतो, कारण माझ्याकडे दोन्ही आहेत.

ताई, दोन गोल ब्रशांचा स्वीपर गवतासाठी नसतोच. त्याची लहान चाकं गवतात रुततात आणि ब्रश पात्यांत अडकून थांबतो. हिरवळीचा स्वीपर वेगळा. त्यात दोन चाकांच्या मध्ये आडवा, लाटण्यासारखा ब्रश असतो आणि मागे कापडी झोळी. चाकाच्या एका फेऱ्यात तो ब्रश चार-पाच फेरे घेतो, त्यामुळे पानं गवतातून उपसून मागे झोळीत फेकली जातात. आधी गवत कापायचं, मग ब्रशची टोकं गवतात सेंटीमीटरभर बुडतील एवढीच उंची ठेवायची. ब्रश मातीला लागला तर गवत मुळासकट ओरबाडतो. हिरवळ अगदी लहान असेल तर त्यासाठी वेगळं यंत्र घेऊ नका, पंख्यासारखं पसरट दाताळं पुरेसं आहे, तेही लांब दांड्याचं बघून घ्या.

एक मनापासूनची सूचना: गुलमोहराच्या शेंगा आधी हाताने उचला. हातभर लांब आणि लाकडासारख्या टणक असतात. माझ्याकडून एक राहून गेली, ती ब्रश आणि चाकाच्या मध्ये आडवी बसली, आणि मी जोर लावून ढकलत राहिलो. आतल्या प्लास्टिकच्या चक्राचे दोन दाते गेले. अडलं की थांबायचं, हे मी त्या दिवसापासून घरातल्या सगळ्यांना सांगतो.

सावलीतलं अंगण

दोघांचे मनापासून आभार. आज सकाळी भाच्याला बोलावून यंत्र उलटं करवलं. उजव्या ब्रशच्या मुळाशी कुंडीच्या रोपाला बांधलेली सुतळी निघाली, सुटून कधीतरी खाली पडली असणार. तिच्याभोवती आणखी काय काय गुंडाळलं होतं! कापून काढल्यावर ब्रश बोटाने फिरवला तरी फिरायला लागला.

वाळूची परीक्षाही केली. चकती नवव्या खुणेवर होती, वाळू तिसऱ्या खुणेवरच उचलली गेली. सहा खुणा मी उगाच स्वतःच्या खांद्यांवर घेऊन फिरत होते. आता यंत्र एका हाताने जातं. पाव तास नाही जमला, वीस मिनिटं लागली, पण शेवटी बसून पाठ धरावी लागली नाही. दोन महिन्यांत पहिल्यांदाच.

अजून दोन गोष्टी विचारते. ब्रशचे तंतू एका बाजूला वाकलेत, इतके दिवस दाबून चालवल्यामुळे असेल. नवे घ्यावे लागतील का? आणि डबा ओतताना सगळी धूळ अंगावर येते, त्याचं काय करता?

खराटा ते स्वीपर

वीस मिनिटं वाचून फार बरं वाटलं, ताई.

नवे ब्रश लगेच नकोत. ब्रश काढता येत असतील तर काढा आणि गरम पाण्याच्या बादलीत दहा मिनिटं बुडवून ठेवा. उकळतं पाणी नको, त्याने प्लास्टिकचा आकारच बिघडेल. बाहेर काढून तंतू हाताने सरळ करा आणि तंतू वर येतील असे सावलीत वाळत ठेवा. पूर्ण नाही, पण बरेचसे सरळ होतात. यापुढे यंत्र ठेवताना ब्रशवर भार राहू देऊ नका. चकती वर घेऊन ठेवा, किंवा दांडा मिटून भिंतीला उभं करा. उन्हात मात्र नको, तंतू कडक होऊन तुटायला लागतात.

दात्यांना तेल घालायचा मोह होईल, तो टाळा. तेलात धूळ मिसळली की पॉलिश कागदासारखं होतं आणि दाते झिजतात. कोरड्या जुन्या दातब्रशने झाडून घेतलं की पुरतं.

डबा ओतताना वाऱ्याकडे पाठ करून उभ्या राहा आणि डबा पोत्याच्या तोंडाशी अगदी खाली नेऊन हळू कलता करा. उंचावरून ओतला की धूळ उसळते. पोतं एखाद्या स्टुलावर ठेवलंत तर वाकावंही लागणार नाही. झाडतानाही वाऱ्याचा अंदाज घ्या. वारा येतो त्या बाजूने सुरुवात करून त्याच्या दिशेने सरकत जायचं, म्हणजे उडालेली पानं न झाडलेल्या भागात पडतात.

हिरवळवेडा

आणि ती पानं जाळू नका, ताई. पोत्यातून प्लास्टिकचे कपटे वेचून काढा, बाकीचा पाचोळा खताला सोन्यासारखा आहे. नुसता पाचोळा मात्र लवकर कुजत नाही, कारण त्यात कर्ब फार आणि नत्र कमी. कापलेलं हिरवं गवत, भाजीची देठं असं काहीतरी हिरवं त्यात थराथराने घाला आणि पिळलेल्या फडक्याइतका ओलावा ठेवा. गुलमोहराची बारीक पानं काही महिन्यांत मातीसारखी होतात. बदामाचं पान चिवट, ते आधी चुरून टाकलं नाही तर वर्षभर तसंच दिसत राहतं.

सावलीतलं अंगण

बदामाच्या झाडामागे एक रिकामा हौद आहे, पानं उद्यापासून त्यातच. भाचा संध्याकाळी ब्रश काढून देणार आहे, गरम पाण्यानंतर ते कसे दिसतात ते इथेच लिहीन.