विषय: ३१ डिसेंबर – मुलांसाठी ‘शॅम्पेन’ नको

नमस्कार मंडळी,

नववर्षाच्या कार्यक्रमाची खरेदीची यादी काल सगळ्यांना आली. त्यात बालगटासाठी किंडरझेक्टच्या, म्हणजे मुलांच्या खोट्या शॅम्पेनच्या बाटल्या, प्लॅस्टिकचे उंच ग्लास आणि लकी ड्रॉमध्ये खेळण्यातला ‘कॉकटेल सेट’ आहे. हे तिन्ही काढावं, अशी विनंती.

किंडरझेक्टमध्ये दारू नसते, हे मला माहीत आहे. पण बाटली हुबेहूब शॅम्पेनची, मानेला सोनेरी कागद, आणि आत फळांचा रस नि बुडबुडे. रस साध्या बाटलीतही मिळतो. या बाटलीतून मुलांच्या हाती जास्तीचं काय पडतं, तर बारा वाजता ग्लासला ग्लास लावल्याशिवाय सण पुरा होत नाही ही समजूत. कॉकटेल सेटमध्ये तर शेकरसुद्धा आहे. खोक्यावर लिहिलंय, वय ३ वर्षांपासून पुढे.

– बालगटातली एक आई

---

ताई, नमस्कार.

तुमची कळकळ समजते, पण हे जरा ताणल्यासारखं वाटतं. इथे जर्मनीत वाढदिवसांना मुलं हेच पितात. आपलीच मुलं वेगळी का पाडायची? भातुकलीत आपणही खोटा चहा प्यायलो. त्यानं कुणी बिघडत नाही. आणि त्याच हॉलमध्ये मोठ्यांच्या हातात खरी झेक्ट, म्हणजे इथली फसफसती वाइन असणार, त्याबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीत.

– एक जुने सभासद

---

काका,

भातुकलीचं बोललात, म्हणून सांगते. अमेरिकेत डार्टमथ कॉलेजच्या संशोधकांनी अगदी भातुकलीच मांडली होती. निष्कर्ष २००५ मध्ये छापून आले. २ ते ६ वर्षांची १२० मुलं, बाहुल्या आणि खेळण्यातलं किराणा दुकान. बाहुलीची मैत्रीण घरी येणार आहे, घरात खायला काही नाही, दुकानातून सामान आण, एवढंच मुलांना सांगितलं. जवळजवळ ६२ टक्के मुलांनी बिअर किंवा वाइन उचलली. ज्यांचे आईवडील महिन्यातून एकदा तरी पितात, त्या मुलांनी ती घेण्याची शक्यता तिप्पट होती. एका खेळण्यानं कुणी दारुडा होतो, असं मी म्हणत नाही. पण पाहुणे आले की बाटली हवी, हे शाळेत जायच्या आधीच मुलांच्या डोक्यात बसलेलं असतं. ते आपण बक्षीस देऊन आणखी पक्कं का करायचं?

तंबाखूच्या बाबतीत जगानं हे ओळखलं. २००५ पासून लागू असलेल्या तंबाखू नियंत्रण कराराच्या कलम १६ मध्ये सिगारेटसारख्या दिसणाऱ्या गोळ्या, खाऊ आणि खेळणी बंद करण्याचा उपाय स्पष्ट शब्दांत सुचवलेला आहे. भारत आणि जर्मनी दोघेही त्या करारात आहेत. दारूसाठी असा करारच नाही. जागतिक आरोग्य संघटनेचं २०१० चं धोरण आहे, पण ते कुणावर बंधनकारक नाही. त्याच संघटनेच्या कर्करोग संस्थेनं १९८८ मध्येच दारूला तंबाखूच्या गटात, म्हणजे माणसाला निश्चित कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या गटात घातलं होतं. तरी खेळण्यांच्या दुकानात तिला मोकळं रान आहे.

इथली पद्धत म्हणाल, तर ती इथल्यांनाही खुपते आहे. १४ व्या वर्षी आईवडिलांसोबत बिअर पिता येण्याची सवलत काढून टाका, अशी मागणी जर्मनीतल्या सगळ्या राज्यांच्या आरोग्यमंत्र्यांनी २०२५ मध्ये एकमुखानं केली.

मोठ्यांच्या झेक्टबद्दल तुमचं म्हणणं मात्र शंभर टक्के बरोबर आहे. ती किंडरझेक्टपेक्षा मोठी गोष्ट आहे. माझी सूचना अशी: मुलांचा कार्यक्रम आणि जेवण आटोपेपर्यंत बार उघडू नये, आणि नंतरही तो बाजूच्या खोलीत असावा. बारा वाजता सगळ्यांना, मोठ्यांनाही, सोडा घातलेलं कोकम सरबत द्यावं, रोजच्या ग्लासांतून. आगळाच्या दोन बाटल्या मी आणते. लकी ड्रॉसाठी कॅरम ठेवू या.

– तीच आई

---

नमस्कार,

किंडरझेक्ट आणि उंच ग्लास यादीतून काढले आहेत. कॉकटेल सेट आधीच घेतला होता. पावती आहे, सोमवारी परत करते. कॅरमला होकार. ताई, माणसं बरीच येणार आहेत, दोन बाटल्या आगळ पुरणार नाही, चार आणा. बारचं मी एकटी ठरवू शकत नाही, ते रविवारच्या बैठकीत घेऊ. काका, तुम्हीही नक्की या.

– खजिनदार