अचानक गेलेला कान: किती परत येईल, कसं कळतं?

लोकमान्यनगरची_सून
इंदूरहून लिहितेय. आमच्या ह्यांचा उजवा कान एका सकाळी उठल्यावर बंदच. मळ असेल म्हणत होते, मी ओढत डॉक्टरांकडे नेलं. नसेचा बहिरेपणा निघाला, स्टेरॉइडच्या गोळ्या लगेच सुरू झाल्या. आठवड्याने काढलेल्या ऑडिओग्राममध्ये (ऐकण्याच्या तपासणीचा आलेख, आकडा कमी तेवढं बरं) ५०० हर्ट्झला ७० डेसिबलचं ४० झालंय, पण ४००० ला ८० चं फक्त ७५. चक्कर नव्हती. वय ६३. हे रोज उठून मोबाइल त्या कानाला लावतात नि 'काल बरं होतं' म्हणत चहा गार करतात. शुगरमुळे पोह्यांबरोबरची जिलबी बंद, तो राग वेगळाच. आकड्यांवरून पुढचं काही सांगता येतं का?

कर्णधार
काकू, मी ऑडिओलॉजिस्ट, ऐकणं तपासणं हेच माझं काम. आधी मोबाइल काढून घ्या. आवाज मोठा असला की चांगला कानच ऐकतो, आणि माणसाला वाटतं आजारी कानाने ऐकलं. म्हणून तपासताना आम्ही चांगल्या कानात खरखर सोडतो. ५ डेसिबल इकडेतिकडे होतातच, तेव्हा ८० चं ७५ म्हणजे जैसे थे. ५०० ला कमी झालेले ३० मात्र खरे. खालचे, म्हणजे कमी हर्ट्झचे, स्वर बहुधा आधी परततात. चक्कर नव्हती, औषध वेळेत मिळालं, हे चांगलं. साठीपुढचं वय थोडं विरुद्ध जातं. एवढ्यावरून कल कळतो, काकांचा नेमका आकडा नाही. शब्द किती टक्के ओळखले, ते रिपोर्टात आहे का?

डावा_कान
माझा परतलाच नाही. चक्करही होती, औषधाला उशीरही झाला. गोळ्यांनी अर्धवटच सुधारलं तर पडद्यातून कानात स्टेरॉइडचं इंजेक्शन देतात. २०१९ च्या अमेरिकी मार्गदर्शक तत्त्वांत त्यासाठी कान गेल्यापासून २ ते ६ आठवडे दिलेत. डॉक्टरांना आत्ताच विचारा. कान सुधारला तरी एमआरआय टाळू नका. क्वचित नसेवर गाठ असते.

लोकमान्यनगरची_सून
शब्दांचा रकाना कोराच आहे! सोमवारी तिथेच जातोय. तिथली ऐकवायच्या शब्दांची यादी हिंदी असणार, ह्यांना चालेल?

कर्णधार
जन्म इंदुरातला असेल तर चालेल. फक्त नंतरच्या तपासणीतही हिंदीच ठेवा, नाहीतर तुलना कशाशी करणार? शेवटची तपासणी उपचार संपल्यापासून सहा महिन्यांच्या आत, शक्यतो त्याच मशीनवर.